पाण्याच्या कोपराचा बोल्ट

नाना, इंजिनातला तो मोडका बोल्ट काल निघाला. रेडिएटरचा वरचा रबरी पाइप इंजिनाला जिथं येऊन मिळतो, तिथलं ते बिडाचं कोपर, आणि ते धरून ठेवणाऱ्या दोन बोल्टांपैकी आतल्या बाजूचा. कोणता म्हणतेय ते तुम्हाला जास्त सांगायला नको. पस्तीस वर्षं तो तुकडा आत घट्ट बसून होता आणि काल दुपारी चहाच्या वेळेला माझ्या तळहातावर आला, करंगळीच्या पेराएवढा. दादा म्हणाला, "एवढ्याशा तुकड्यापायी केवढं ते." आज रविवार, चौथीच्या मुलांचे पेपर तपासायचे पडलेत, ते बाजूला सारून तुम्हाला लिहायला बसलेय. म्हसळ्याच्या पोस्टात टाकून हे कुठं पोचणार नाही एवढं मलाही कळतं. तरी लिहिते.

तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. जीप अजून पडवीला लागून असलेल्या त्याच मांडवात उभी आहे, वरचे पत्रे तेवढे दोनदा बदलले. भंगारवाला दर उन्हाळ्यात येऊन विचारतो आणि दर उन्हाळ्यात मी त्याला हाकलते. शेजारपाजारच्या बायका म्हणतात, बाईंचं अर्धं लक्ष शाळेत आणि अर्धं त्या खटाऱ्यात. म्हणेनात. दर पौर्णिमेला विहारातली वंदना झाली की घरी येऊन मी हँडल घालून इंजिन फिरवते, चार थेंब तेल सोडते. इंजिन जाम होऊ दिलं नाही मी, नाना. पत्रा मात्र गेला. श्रीवर्धनच्या बाजारातून येताना कोळणींच्या पाट्या तुम्ही मडगार्डवर आणि बॉनेटवर बांधून घ्यायचात, आणि बर्फाचं खारं पाणी वाटभर इंजिनावर ठिबकायचं. आई म्हणायची, दर्यात न जाता गाडीला दर्या लागला. तुम्ही म्हणायचात, "माणसाला न्हाय म्हणता येतं गं, पाटी घेऊन उन्हात उभ्या असलेल्या बाईला कसं म्हणायचं?" त्या खाऱ्या पाण्यानं जीपचे निम्मे बोल्ट कायमचे धरून ठेवले. पण हा जो एक होता, तो खाऱ्या पाण्यानं मोडला नव्हता.

यंदा विहाराच्या तरुण मंडळींनी ठरवलं की जयंतीचा फोटो भाड्याच्या टेम्पोवर नको, पूर्वीसारखा नानांच्या जीपवर निघू दे. माझ्याकडे विचारायला आले आणि मी हो म्हणायच्या आधीच त्यांनी दादाला उरणला फोन करून टाकला होता. दादानं गेल्या वर्षी ट्रेलर चालवायचं सोडलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. रात्रंदिवस कंटेनर वाहून मनगटंही थरथरतात आता. त्याचा मला फोन आला, "बाय, आठ दिवस येऊन ऱ्हातो. कोपरातनं पाणी गळतं तेवढं काढू, बाकी इंजिन तू जपलंयसच." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवून पडवीच्या पायरीवर बसले. कारण गळती काढायची म्हणजे कोपर खोलायचं, आणि कोपर खोललं की सगळ्यांना दिसणार होतं की आतल्या बाजूला बोल्ट नाहीच, नुसतं वरचं डोकं चिकटवून ठेवलंय. ते मी केलं होतं. बोलणी दादानं खाल्ली, घर दादानं सोडलं, आणि मी तोंडाला कुलूप लावून बारावी पास झाले, डीएड केलं, मास्तरीण झाले आणि तीस वर्षं मुलांना खरं बोलावं म्हणून सांगत आले.

आता ते सगळं नीट सांगते, कधीच सांगितलं नाही म्हणून. तुम्हाला हिवताप झाला होता आणि माणगावच्या सरकारी दवाखान्यात तीन दिवस ठेवलं होतं. कोपराचं पॅकिंग गेलं होतं. तुम्ही खाटेवरून सांगितलंत, "दोघं मिळून बदला, शनवारी बाजाराची फेरी चुकायला नको." आम्ही बदललं. बाहेरचा बोल्ट दादानं आवळला, आतला मी. तुम्ही शिकवलं तसंच, आट्यांना उंडीचं कडू तेल लावून, आधी दोन बोटांनी बसवायचा, मग मनगटानं आवळायचा. खांदा लावायचा नाही आणि जोर वाढवायला पान्याला पाइप तर कधीच लावायचा नाही. मग इंजिन चालू केलं तर माझ्या बाजूनं एक थेंब आला. एकच. दादा हसला. "पोरीचा हात, गळणारच. ऱ्हाऊ दे, आंघोळ करून येतो आणि मीच आवळतो," म्हणाला आणि टॉवेल खांद्यावर टाकून नदीवर गेला. तुम्हाला माझा राग माहीत आहे. आईचाच आहे. मी मांडवाच्या कोपऱ्यातला तो दीड हाताचा पाइप उचलला, पान्याच्या दांड्यावर चढवला आणि खांदा लावला. पाना आधी घट्ट झाला, मग जरा फिरला, आणि मग एकदम हलका झाला. दुधात चमचा फिरावा इतका हलका. बोल्टाचं डोकं आणि वरचा अर्धा दांडा माझ्या हातात आणि खालचा अर्धा इंजिनात.

दादा यायच्या आत मी काय केलं ते सांगायला आजही मान वर होत नाही. नळाला लावायची लांबी होती घरात, दोन रंगांचे गोळे मळून एकत्र करायची ती. वरचा तुकडा भोकात बसवला, भोवती लांबी भरली, कापडानं पुसून सारखी केली. गळती थांबली. इथवर चोरी बरी जमली होती. पण आपल्या घरची रीत, आवळलेल्या प्रत्येक बोल्टावर रेघ ओढायची, डोक्यापासून खालच्या लोखंडापर्यंत, म्हणजे बोल्ट फिरला की रेघ तुटते आणि लांबून कळतं. ज्यानं आवळला त्यानं आपल्या रंगाची ओढायची. तुमची शेंदरी, दादाची पांढरी, आणि माझी गुलाबी, कारण माझ्याकडे रंग म्हणून बाजारातून आणलेली नेलपॉलिशची बाटलीच होती. तर मी तो मोडका बोल्ट चिकटवला आणि हाताच्या सवयीनं त्याच्यावर गुलाबी रेघ ओढली. चोरानं चोरी करून खाली सही करावी, तसं झालं ते. ओढली तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

दवाखान्यातून सुटून तुम्ही शनिवारी फेरी मारलीत आणि गाडी घाटात तापली. संध्याकाळी घरी आलात, हात धुतलेत, चुलीजवळ पाटावर बसलात. सुकटीची चटणी होती आणि आई भाकरी थापत होती. तुम्ही ताटाला हात न लावता विचारलंत, "पान्याला पाइप कोणी लावला?" पाइप मी जागेवर ठेवला होता, पण त्याच्या तोंडाला पान्याचा ताजा ओरखडा होता आणि तुमच्या नजरेतून ओरखडा सुटेल? आईचे हात थापता थापता थांबले. मी ताटाकडे बघत होते. सांगायला तोंड उघडलं होतं मी, नाना, हे खरं आहे, पण शब्द यायच्या आत दादा बोलला, "मी लावला." तुम्ही त्याच्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे बघितलंत, मग पुन्हा त्याच्याकडे. आवाजही चढवला नाहीत. "उद्यापासून गाडीला हात लावायचा न्हाय," म्हणालात आणि जेवायला लागलात. त्याच दिवशी सकाळी दादानं चाकाचे नट काढायला पाइप लावला होता. त्यामुळे तो मला वाचवायला खोटं बोलला, की त्याला वाटलं चाकाबद्दलच विचारताय, हे मला कधीच कळलं नाही. विचारायची छाती झाली नाही, कारण विचारायचं म्हणजे सांगायचं. पंधरा दिवसांत तो गावच्या एका ट्रेलरवाल्याबरोबर उरणला गेला, क्लीनर म्हणून, आणि तिथलाच झाला.

त्यानंतर तुम्ही जीप चालवलीत तेवढी वर्षं मागच्या सीटखाली पाण्याचे दोन कॅन असायचे. लांबी तापली की सैल पडायची आणि पाणी झिरपायचं. घाट चढायच्या आधी थांबायचं, पाणी घालायचं, मग चढायचं. लोक तुमच्या गाडीला पाणपोई म्हणायचे. तुम्ही हसायचात. मी येता-जाता त्या गुलाबी रेघेकडे बघायचे, ती तुटलेली नसायची, आणि मला वाटायचं, चला, नानांनी खोललेलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. आणि नेलपॉलिशची ती बाटली त्याच सुमारास हरवली होती. आईनं फेकली म्हणून मी तिच्याशी दोन दिवस बोलले नव्हते. बिचारी आई.

डीएडला निघाले त्या दिवशी तुम्ही मला म्हसळ्याच्या एसटी स्टँडवर सोडलंत आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी हातात दिलंत. मला वाटलं पेन असेल. उघडलं तर तुमचा आखूड पाना, तळहातात मावणारा. आजूबाजूच्या मुलींसमोर लाज वाटली मला. तुम्ही म्हणालात, "हा आखूड हाय. ह्याला पाइप लागत न्हाय." आणि मग उभेच राहिलात. गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता, आणि तुम्ही काही न बोलता माझ्या तोंडाकडे बघत उभे. मी वाकून नमस्कार केला आणि चढले. शेवटी म्हसळ्याच्या दवाखान्यात चार दुपारी मी तुमच्या उशाशी बसले. बोलणं कमी झालं होतं. डोळे उघडले की एकच विचारायचात, "गाडीत पानी घातलंस?" मी म्हणायचे, घातलं. दुसरं काही म्हणाले नाही. का नाही म्हणाले? भीती कसली उरली होती? तुम्ही थोडेच मारणार होतात. पण इतकी वर्षं गेली की खरं बोलायचीच लाज वाटायला लागते, हे मला तिथं कळलं.

आता ह्या आठवड्याचं. दादा आला, तुमच्या सुनेला आणि नातवंडांना तिकडेच ठेवून एकटाच आला. पहिल्याच सकाळी बॉनेट उघडून म्हणाला, "कोपर निघंल का गं बाय? सगळं धरलंय." मी मेणबत्त्यांचा डबा काढला. विहारातल्या अर्धवट जळलेल्या मेणबत्त्या तुम्ही पत्र्याच्या डब्यात साठवायचात आणि आई चिडायची, वंदनेच्या मेणबत्त्या इंजिनात घालता म्हणून. तुम्ही म्हणायचात, "तिथं विझल्या, हितं कामाला येतील." डबा मी अजून भरते. तुमच्याच रीतीनं केलं सगळं. बत्तीनं बोल्टाभोवतीचं लोखंड तापवायचं, मेणबत्तीचं टोक टेकवायचं, मेण पातळ होऊन आट्यांत आपोआप ओढलं जातं. मग हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दादाला घाई, ट्रेलरवाला तो. "हातोडा घे आणि दे दणका," म्हणत होता. मी म्हटलं, चूप बस, वर्गात असतास तर अंगठे धरायला लावले असते. चौथ्या दिवशी बाहेरचा, त्याचा पांढऱ्या रेघेचा बोल्ट कुरकुरत का होईना, अख्खा निघाला. राहिला माझा. दादानं पाना लावला, जरासा रेटला, आणि डोकं अख्खं वर आलं, लांबीसकट.

दादानं कोपर उचलून बाजूला ठेवलं. मी त्या निघालेल्या तुकड्याकडे बघत होते, आणि मला दिसलं की त्याच्यावर लांबीचे दोन थर आहेत. आत दांड्याला कुठं कुठं चिकटून राहिलेला माझा, करडा, आणि त्याच्यावरून दुसरा, पिवळसर, जास्त सफाईनं लावलेला. मी दुसरा थर लावलेला नव्हता. मग इंजिनाकडे बघितलं. मोडका बोल्ट तिथं लोखंडाच्या पातळीत बसलेला, गंजून तांबडा झालेला. फडक्यानं पुसला, तर त्याच्या बरोब्बर मधोमध एक टिंब. पंच ठेवून हातोडीनं मारलेलं. भोक पाडायच्या आधी ड्रिल घसरू नये म्हणून तुम्ही मारायचात तसलं, ना केसभर इकडे ना केसभर तिकडे. असं टिंब आपल्या घरात एकाच माणसाला जमायचं.

मी तिथंच बोलून टाकलं. ठरवून नाही, मडगार्डला धरून उभी होते आणि तोंडातून बाहेरच आलं. "दादा, हा बोल्ट मी मोडला होता. पाइप मी लावला होता. तुझ्यावर आलं आणि मी गप्प बसले." दादा फडक्याला हात पुसत होता. पुसायचा थांबला नाही. म्हणाला, "ठाऊक हाय." मी विचारलं, कधीपासून? "त्या दिवशीच. तुझं तोंड बघितलं असतंस आरशात तर तुलापण कळलं असतं. तुला चिडवलं मीच होतं ना, मंग मीच बोललो." आणि मग त्यानं सांगितलं ते, नाना, जे तुम्ही माझ्यापासून लपवलंत.

तो उरणला गेल्यावर महिन्याभरात तुम्ही तिथं गेला होतात. एसटीनं, तीन गाड्या बदलून, ट्रेलर उभे राहतात त्या मैदानात त्याला शोधत. खिशातून माझी नेलपॉलिशची बाटली काढून त्याच्यासमोर धरलीत आणि विचारलंत, "ही कोनाची?" दादा म्हणतो, आजूबाजूचे ड्रायव्हर हसायला लागले. तुम्ही म्हणालात, "चल घरी. माझ्याकडनं चूक झाली." एवढं म्हणालात तुम्ही, पोराला, चार लोकांसमोर. दादानं सांगितलं, "न्हाय नाना, मला हितंच बरं हाय, मला मोठी गाडी चालवायचीय. जीपवर दोन ड्रायव्हर कशाला? पण तिला बोलू नका. तिची बारावी हाय." आणि तुम्ही म्हणालात, बरं. ती बोलंल त्या दिवशी तिच्याच हातानं काढवतो. टिंब मारून ठेवलंय. दादाला वाटलं, बारावीचा निकाल लागेपर्यंतची गोष्ट आहे. निकाल लागला. मग डीएड झालं, नोकरी लागली, आणि तुम्ही कोपर पुन्हा जागेवर बसवून, रेघेला रेघ जुळवून, जिथं उडाली तिथं माझ्याच बाटलीनं पुन्हा ओढून, पाण्याचे कॅन वाहत राहिलात.

मला राग आला तुमचा. खरंच सांगते, पहिल्यांदा रडू आलं नाही, रागच आला. एक मुस्काटात द्यायची होती ना त्याच वेळी. एसटी स्टँडवर नुसते बघत उभे राहिलात, त्यापेक्षा विचारायचं होतं, पाइप लावला होतास का म्हणून. मी सांगितलं असतं. मी मांडवात उभी राहून हे मोठ्यानं बोलले, तुम्ही समोर असल्यासारखी. दादा म्हणाला, "सांगितलं असतंस?" मी तीस वर्षं मुलांसमोर उभी आहे, मला माहीत आहे, विचारून काढलेलं उत्तर आणि आपणहून दिलेलं उत्तर ह्यांत काय फरक असतो. पण म्हणून इतकी वाट बघायची? आणि मी तरी कसली दगड, की तुम्ही नुसती पानी घातलंस का एवढीच चौकशी करताय असं समजत राहिले.

दादानं तुमचं हातानं फिरवायचं ड्रिल काढलं आणि माझ्या हातात दिलं. "मला ह्या डोळ्यानं दिसत न्हाय नि हात हलतो. तूच धर. तुझाच हाय तो." ड्रिल तुमच्या टिंबावर टेकवलं तर ते आपसूक बसलं, जरासुद्धा घसरलं नाही. आधी एक सुताचं बारीक भोक, सावकाश. दादा बाजूनं डोकं वाकडं करून सरळ आहे का सांगत होता. बोल्टाची तांबडी राख आली, मग चकचकीत बारीक कीस यायला लागला. पुढे जास्त गेलं तर इंजिनाच्या पाण्याच्या पोकळीत भोक पडेल आणि सगळंच संपेल, म्हणून ड्रिलला चिंधी बांधून खोलीची खूण केली होती. मग थोडं मोठं भोक, आणि मग ती उलट्या आट्यांची खुंटी, जी भोकात उलटी फिरवली की आत रुतत जाते आणि तुकड्याला बरोबर घेऊन फिरते. रुतली. फिरेना. बत्ती लावली, मेण टेकवलं, थांबलो. पुन्हा लावली. खुंटी पोलादाची असते, जोर केला तर तीच आत मोडते आणि मग तिच्यावर कुठलंच ड्रिल चालत नाही. घामानं माझी बोटं निसटत होती. दादानं कोपऱ्यात बघितलं आणि अगदी गंभीर तोंडानं म्हणाला, "पाइप लावू का?" आणि आम्ही दोघं इतके हसलो, इतके हसलो की मी ओट्यावर जाऊन बसले आणि मग मला रडू आलं. शेजारीण कुंपणावरून विचारायला आली, काय झालं बाई म्हणून. दादानं तिला सांगितलं, काय न्हाय, बहिणीला बोल्ट लागला.

तोंड धुऊन पुन्हा धरलं. मनगटानं. खांदा नाही. जरा उलटा, जरा सुलटा, जरा उलटा. आणि तो हलला. पहिल्यांदा वाटलं खुंटीच पिरगळतेय, पण नाही, तोच हलला होता. अर्धा आटा आला, मेण टेकवलं, पुन्हा अर्धा. मग तो एकदम शहाण्यासारखा फिरत बाहेर आला. खालच्या आट्यांना काळपट चिकट काहीतरी होतं. नाकाला लावलं तर त्या सगळ्या गंजाखालून उंडीच्या तेलाचा वास. ते तेल मी लावलेलं, सतरा वर्षांच्या मुलीनं, पाइप उचलायच्या आधी. त्यामुळेच सुटला म्हणायचा. म्हणजे त्या दिवशी मी एक गोष्ट तरी तुम्ही सांगितली तशी केली होती.

संध्याकाळी नवं पॅकिंग, नवे बोल्ट. तुमच्या आखूड पान्यानं दोन्ही मीच आवळले. दादा म्हणाला, रेघ ओढ. नेलपॉलिश घरात कुठं आता, विहाराला लावायचा निळा रंग होता, त्याचीच ओढली, आणि दुसऱ्या बोल्टावर, रीत मोडून, दादाच्या थरथरत्या हाताची, वाकडीतिकडी. पाणी भरलं, इंजिन चालू केलं, अर्धा तास चालू ठेवलं. कोपराखाली कोरडा कागद धरून बसलो होतो दोघं. कोरडाच राहिला. आज सकाळी मंडळी येऊन जीप धुवून, पुसून, पताका बांधून गेली. दादानं मागच्या सीटखालचे दोन्ही कॅन काढून परसात ठेवले, अळवाला पाणी घालायला होतील म्हणाला.

आता राहिलं एकच, आणि त्यासाठीच खरं तर हे लिहितेय. काल बोल्ट निघाल्यावर, चहा पिताना, दादानं कपातून नजर न काढता विचारलं, "तवा न्हाय तर न्हाय, शेवटी तरी नानांना सांगितलंस ना? म्हाताऱ्यानं लय वाट बघितली." त्याचा तो ऑपरेशन झालेला डोळा ओला दिसत होता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सांगितलं. दवाखान्यात." त्यानं असा श्वास सोडला, नाना, की जणू उरणहून इथवर तो श्वास धरूनच आला होता. "बरं झालं," म्हणाला आणि उरलेला चहा एका घोटात प्यायला. म्हणजे बोल्ट काढला त्याच दिवशी मी दुसरा खोटा बसवला. उद्या सकाळी फोटो जीपवर चढायच्या आधी त्याला खरं सांगणार आहे, चिडला तर चिडू दे. पण त्याच्याआधी तुम्हाला सांगायला हवं, म्हणजे निदान ‘सांगितलं’ एवढं तरी खोटं राहायला नको. हा कागद मेणबत्त्यांच्या डब्यात ठेवीन.

पान्याला पाइप मी लावला होता, नाना.